दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचा वेल

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईला आणि बडोद्याला ते चित्रकला शिकले, पुढे फोटोग्राफीही केली.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला. आपल्या देवांचे असेच चित्र काढायचे, असे त्यांनी मनात घेतले. मग काय, रोज सिनेमे बघायचे, रात्री जागून प्रयोग करायचे. त्यात डोळे बिघडले आणि काही दिवस दिसेनासेच झाले! औषधोपचाराने दृष्टी परत आली. तरी गडी थांबला नाही. विम्याचे कागद गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले.

आता चित्रपटाला पैसा हवा. नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देणार? तेव्हा त्यांनी जी युक्ती केली ती मला सगळ्यात आवडते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला. महिनाभराहून जास्त दिवस ते थोडे थोडे चित्रण करीत राहिले.

आमची आई मटकीला मोड आणते. कितीही वेळ टक लावून बसा, मोड वाढताना दिसत नाही. पण कॅमेऱ्याला दिसतो, तो असा. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. समजा, दर तासाला एकच चित्र घेतले, तर १६ तासांची वाढ एका सेकंदात दिसेल. मात्र कॅमेरा जागचा हलता कामा नये, नाहीतर रोप नाचल्यासारखे दिसेल. हल्ली ढग, फुले, धरणाचे बांधकाम असेच दाखवतात.

फाळक्यांच्या पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढला. पाहणाऱ्यांची खात्री पटली आणि कर्ज मिळाले. या फिल्मचे नाव ‘अंकुराची वाढ’.

घरच्या सरस्वतीबाईंचे नाव घेतलेच पाहिजे. त्या अंधारात बसून फिल्मला भोके पाडायच्या, फिल्म धुवायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. तारामतीचे काम करायला मात्र बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले! ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले.