डंजन्स अँड ड्रॅगन्स बनवणारा गॅरी गायगॅक्स: भारी पात्राचा नाद त्यानंच लावला आणि त्यानंच तोडायला बघितला

समजा, मांजरीतल्या एखाद्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी चार-पाच मित्र टेबलाभोवती बसलेत. फासे, कागद, पेन्सिली आणि मधे चिवडा. डंजन्स अँड ड्रॅगन्स सुरू व्हायचंय. एकानं आठवडाभर व्हिडिओ बघून असा योद्धा तयार केलाय की राक्षस पहिल्याच फटक्यात आडवा. दुसऱ्यानं आणलाय रक्त बघून चक्कर येणारा घाबरट पुजारी, कारण तसं वागायला मजा येते. अर्ध्या तासात वाद ठरलेला. एक म्हणणार तुझ्यामुळं आपण मरणार, दुसरा म्हणणार तू असताना मला कामच काय.

हा वाद खेळाइतकाच जुना आहे. तो समजून घ्यायचा तर खेळ बनवणाऱ्या माणसाकडं जावं लागतं.

आधी खेळ काय ते समजून घेऊ

यात सोंगट्यांचा पट लागतोच असं नाही आणि शेवटी कोणी जिंकत नाही. एकजण डंजन मास्टर होतो, तो जग उभं करतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे सहा गोष्टी आकड्यांत लिहिलेल्या असतात. तुम्ही काय करणार ते बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात.

आकडे आले की ते वाढवायची खटपट आली. तिलाच ऑप्टिमायझेशन म्हणतात.

विमा कंपनी, चपला आणि वाळूचं टेबल

गॅरी गायगॅक्स जन्मला २७ जुलै १९३८ ला, शिकागोत. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी लहान असतानाच घर विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात आलं. हायस्कूल त्यानं अर्धवट सोडलं. पुढं शिकागोत विमा कंपनीत नोकरी धरली. कोणता धोका किती मोठा हे आकड्यांत मोजायचं, हे त्याचं रोजचं काम.

घरी आला की युद्धाचे खेळ. आपल्याकडं दिवाळीत किल्ला करून मावळे मांडतात ना, तसंच त्याच्या तळघरात वाळूचं टेबल होतं. फरक एवढाच की तिथं मावळे लढायचे आणि कोण पडलं ते नियमांवरून ठरायचं. १९६८ मध्ये त्यानं गावातला हॉल ५० डॉलर भाड्यानं घेऊन खेळाडूंचा मेळावा भरवला. तोच आजचा प्रसिद्ध जेन कॉन.

१९७० मध्ये नोकरी गेली. पोरंबाळं पदरात, म्हणून गडी घरी चपला-बूट दुरुस्त करू लागला. १९७१ मध्ये जेफ पेरेनसोबत त्यानं चेनमेल नावाचं मध्ययुगीन लढाईच्या नियमांचं पुस्तक काढलं. मागं जादूगार आणि ड्रॅगनचे नियमही जोडले.

मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसननं ते घेऊन वेगळाच खेळ मांडला. अख्खी फौज हलवण्याऐवजी प्रत्येकानं एकच माणूस व्हायचं, आणि तो माणूस खेळागणिक अनुभवानं वाढणार. १९७२ च्या शेवटी अर्नेसननं हा खेळ लेक जिनिव्हात येऊन दाखवला. गायगॅक्सला तो इतका आवडला की त्यानं लगेच नियम लिहायला घेतले. घरातली मुलं अर्नी आणि एलिस हेच त्याचे पहिले खेळाडू.

१९७३ मध्ये मित्र डॉन के याच्यासोबत टीएसआर कंपनी निघाली. जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १,००० प्रती छापल्या, किंमत १० डॉलर.

आकडे कसे फुगत गेले?

१९७४ च्या नियमात तीन फासे टाकायचे आणि पडेल ते घ्यायचं. सगळ्यात मोठा आकडा १८. तो पडायची शक्यता २१६ मध्ये १. पण तेव्हा १८ ताकद असून फार फायदाही नव्हता. खजिना बाहेर आणला तरी अनुभवाचे गुण मिळायचे, त्यामुळं शहाणा खेळाडू लढाई टाळून सोनं पळवायचा. थोडक्यात, आकड्यापेक्षा डोकं जास्त चालायचं.

१९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत जास्त ताकदीला जास्त बक्षीस आलं. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तर गायगॅक्सनंच सुचवलं की पात्र टिकायचं असेल तर किमान दोन आकडे १५ किंवा त्यावर हवेत. १९७९ मध्ये चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायची पद्धत आली. आता १८ ची शक्यता साधारण ६२ मध्ये १. आणि १९८५ च्या अनअर्थ्ड आर्कानामध्ये मानवी पात्राच्या मुख्य गुणासाठी नऊ फासे टाकून त्यातले सर्वोत्तम तीन घ्यायची मुभा मिळाली. म्हणजे शक्यता १०० मध्ये जवळपास १८.

अकरा वर्षांत भारी पात्र हे नशीब राहिलं नाही, ती अपेक्षा झाली. आणि या पुस्तकांवर नाव गायगॅक्सचंच होतं.

मग त्यानंच सापळा लावला

गंमत म्हणजे अजिंक्य पात्रांचा त्यालाच वैताग होता. त्याचा मुलगा अर्नी आणि मित्र रॉब कुंट्झ यांची पात्रं कशालाच दाद देईनात, म्हणून त्यानं टूम ऑफ हॉरर्स रचलं. १९७५ च्या ओरिजिन्स मेळाव्यात ते स्पर्धेत आलं. त्यात लढाया थोड्या, सापळे जास्त. एका भिंतीवर सैतानाचा हिरवा चेहरा, तोंड उघडं. आत शिरलात की खेळ खल्लास. फासे टाकून वाचायची संधीसुद्धा नाही. तिथं तुमची १८ ताकद शून्य कामाची, थांबून विचार करणारा वाचतो.

धंद्यात मात्र आकड्यांनीच हरवलं

नियम मोठे आणि काटेकोर होत गेले, त्याला धंद्याचंही कारण होतं. मेळाव्यांतल्या स्पर्धांना सगळीकडं सारखे नियम हवे होते. दुसरीकडं नवी आवृत्ती वेगळा खेळ आहे असं म्हणत कंपनीनं अर्नेसनच्या मानधनाला कात्री लावली. त्यानं १९७९ मध्ये कोर्ट गाठलं, १९८१ मध्ये तडजोड झाली. ज्याच्या कल्पनेतून पात्र जन्माला आलं, त्याच मित्राशी अशी भांडणाची वेळ आली.

पुढं टीएसआर कर्जात गेली. १९८५ मध्ये लोरेन विल्यम्स यांनी बहुमताचे शेअर घेतले आणि गायगॅक्सच्या हातून कंपनी गेली. पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. खेळ त्याचा, पण मतं मोजली तेव्हा तो अल्पमतात.

२००० मध्ये नव्या मालकांनी तिसरी आवृत्ती काढली. निवडायला पर्याय इतके की ऑप्टिमायझेशन हाच स्वतंत्र छंद झाला. गायगॅक्सला ही आवृत्ती फारशी पटली नाही.

मग बरोबर कोण?

पात्र मजबूत करण्यात चूक काहीच नाही, तीही डोक्याचीच करमणूक आहे. अडचण येते ती एकाच्या आकड्यांपुढं बाकीच्यांना करण्यासारखं काही उरत नाही तेव्हा. उलट, मुद्दाम निरुपयोगी पात्र आणून सगळ्यांना मारणं हाही त्रासच. म्हणून पहिला फासा टाकायच्या आधी पाच मिनिटं बोलून घ्या. आज लढायचंय, कोडी सोडवायचीत की गोष्ट रंगवायचीय? आणि डंजन मास्टर असाल तर बक्षीस कशाला देताय ते बघा. गुण फक्त मारामारीला दिले, तर सगळे मारामारीचीच पात्रं आणणार.

गायगॅक्स ४ मार्च २००८ ला लेक जिनिव्हातच गेला. आधी पक्षाघाताचे झटके येऊन गेले होते, तरी घरी मित्रांना बोलावून खेळ चालवणं त्यानं सोडलं नाही. कंपनी कधीच हातातून गेली होती. टेबल मात्र शेवटपर्यंत त्याचंच होतं, आणि तिथं तो १९७४ चे जुने, सुटसुटीत नियमही आवडीनं चालवायचा.