आकाशावर पहारा, तिजोरीवर लक्ष

ऑगस्ट १९५७ मध्ये अलास्कापासून कॅनडाच्या बर्फाळ उत्तर टोकापर्यंत पसरलेली रडार केंद्रांची साखळी कार्यान्वित झाली. उत्तर ध्रुवावरून येणारी सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने काही तास आधी दिसावीत, यासाठी अमेरिकेने ती प्रचंड खर्च करून उभारली होती. त्याच महिन्यात सोव्हिएत संघाने आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी जाहीर केली. विमानाला जेथे तासन्‌तास लागत, तेथे क्षेपणास्त्र अर्ध्या तासात पोहोचणार होते. तेही या रडारांच्या आवाक्याबाहेरच्या उंचीवरून. क्षेपणास्त्रांच्या बाबतीत ही साखळी जन्मतःच कालबाह्य ठरली. तिच्या पुढची यंत्रणा कोणती आणि तिच्यासाठी किती पैसा द्यायचा, हा निर्णय अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांच्यापुढे येऊन ठेपला.

पैशाची किंमत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन येथे त्यांचा जन्म झाला. बालपण कॅन्ससमधील ॲबिलीन गावात गेले. वडील दुग्धशाळेत नोकरी करीत. घरच्या मळ्यातील भाजी मुले दारोदार विकत. आई युद्धाच्या कट्टर विरोधात होती. पण शिक्षण फुकट मिळते म्हणून मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर अचानक हल्ला केला आणि आठवडाभरात आयसेनहॉवर यांना युद्धयोजना आखण्यासाठी वॉशिंग्टनला बोलावून घेण्यात आले. गाफील राहिलेल्या राष्ट्राला काय मोजावे लागते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. पुढे ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेचे ते सरसेनापती झाले. तो इतिहास सर्वपरिचित आहे.

१९५३ मध्ये अध्यक्षपदी आल्यावर या सेनापतीने पहिल्याच वर्षी एका भाषणात बॉम्बफेकी विमानाची किंमत शाळा आणि रुग्णालयांच्या इमारतींत मोजून दाखविली. कर्जबाजारी झालेला देश शस्त्रांच्या जोरावर सुरक्षित राहत नाही, अशी त्यांची धारणा होती. मात्र अचानक हल्ल्याची भीती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. म्हणूनच १९५४ मध्ये त्यांनी यू-२ या टेहळणी विमानाला मंजुरी दिली. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत त्यांनी दोन्ही देशांनी परस्परांच्या भूमीची हवाई पाहणी करू द्यावी, असा प्रस्ताव मांडला. सोव्हिएत नेत्यांनी तो फेटाळला.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेत हलकल्लोळ माजला. गेथर समितीने पाच वर्षांत सुमारे ४४ अब्ज डॉलर जादा खर्चण्याची शिफारस केली. त्यातील मोठा वाटा भूमिगत आसऱ्यांसाठी होता. आयसेनहॉवर यांनी ती बव्हंशी नाकारली. पूर्वसूचनेच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडला नाही. ग्रीनलंडमधील थुले, अलास्कातील क्लिअर आणि इंग्लंडमधील फायलिंगडेल्स येथे क्षेपणास्त्रांचा वेध घेणारी अजस्र रडार केंद्रे उभारण्याचे काम १९५८ पासून तातडीने हाती घेण्यात आले. थुलेच्या एकेका अँटेनाची रुंदी ४०० फूट होती. एवढा पसारा मांडून पदरात पडणार होती ती जेमतेम पंधरा मिनिटे.

थुले केंद्र कार्यान्वित होत असतानाच, ५ ऑक्टोबर १९६० रोजी, तेथील यंत्रणेने प्रचंड क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात नॉर्वेच्या दिशेने चंद्र उगवत होता. रडारच्या लहरी त्याच्यावर आदळून अडीच सेकंदांनी परत येत होत्या आणि एवढ्या दुरून प्रतिध्वनी येईल, याचा विचार रचनाकारांनी केलाच नव्हता. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. स्वतःचा नेता तेथे असताना हल्ला कोण करील, या विचाराने अधिकारी सावध राहिले. यंत्र चुकले, माणसे चुकली नाहीत.

त्यांच्या काटकसरीचा एक तोटा मात्र नोंदवायलाच हवा. लष्करी उपग्रहांचा प्रकल्प स्पुटनिकपूर्वी निधीअभावी रखडला होता. उडत्या क्षेपणास्त्राच्या ज्वालेची उष्णता अवकाशातून टिपणाऱ्या मिडास उपग्रहाचे पहिले उड्डाण फेब्रुवारी १९६० मध्ये फसले. त्याला खरे यश मे १९६३ मध्ये आले. उलट छायाचित्रे टिपणाऱ्या कोरोना उपग्रहाने ऑगस्ट १९६० मध्ये एकाच फेरीत यू-२ च्या साऱ्या उड्डाणांहून अधिक सोव्हिएत भूभाग चित्रित केला. क्षेपणास्त्रांच्या शर्यतीत अमेरिका मागे पडल्याची ओरड विरोधक करीत होते. ती पोकळ आहे, असा आयसेनहॉवर यांचा कयास यू-२ च्या छायाचित्रांवर आधारलेला होता. पण गुप्ततेमुळे ते पुरावा दाखवू शकत नव्हते. भित्रा, आळशी, गोल्फमध्ये रमलेला अध्यक्ष ही टीका त्यांनी निमूट सोसली. १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योगाच्या वाढत्या युतीबद्दल देशाला सावध केले.

२८ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. सामान्य सैनिकाला मिळते तशा ८० डॉलरच्या शवपेटीत, लष्करी गणवेशात, ॲबिलीनमध्ये त्यांचे दफन झाले. मिडासचा वारसा चालविणारा पूर्वसूचना उपग्रह नोव्हेंबर १९७० मध्ये अवकाशात गेला. त्यांच्या काळातील अवाढव्य रडारही पुढे थकले. थुले येथे १९८७ मध्ये आणि फायलिंगडेल्स येथे १९९२ मध्ये त्यांची जागा नव्या रडारांनी घेतली आणि प्रत्येक वेळी खर्चाचा तोच जुना वाद नव्याने झाला.