ओ. हेन्री
ओ. हेन्री (मूळ नाव: विल्यम सिडनी पोर्टर, ११ सप्टेंबर १८६२ – ५ जून १९१०) हे अमेरिकन लघुकथाकार होते. ग्रीन्सबरो येथे काकांच्या औषधांच्या दुकानात काम करून १८८१ मध्ये त्यांनी औषधविक्रेत्याचा परवाना मिळविला. पुढे ते ऑस्टिन येथील बँकेत रोखपाल झाले. बँकेतील रकमेच्या अपहाराबद्दल १८९८ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

ओहायोच्या तुरुंगात औषधांच्या ज्ञानामुळे त्यांना रुग्णालयात रात्रपाळीचे काम मिळाले. तेथूनच ते टोपणनावाने नियतकालिकांना कथा पाठवू लागले. चांगल्या वर्तणुकीमुळे २४ जुलै १९०१ रोजी त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. त्यानंतर लेखन हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. १९०२ मध्ये ते न्यूयॉर्क येथे आले आणि 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकासाठी दर आठवड्याला एक कथा लिहू लागले. कारावासाची गोष्ट त्यांनी आपल्या मुलीपासूनही लपविली होती; १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रातून ती वाचकांना कळली. 'अ रिट्रीव्ह्ड रिफॉर्मेशन' या त्यांच्या कथेचा नायक तुरुंगातून सुटलेला तिजोरीफोड्या असून तोही नाव बदलून बूटविक्रीचा प्रामाणिक व्यवसाय करतो.