शोएबुल्ला खान : मराठवाडा मुक्तिसंग्रामातील निर्भीड संपादक



१७ सप्टेंबर जवळ आला की आपल्या नांदेड-लातूर भागातल्या शाळांत भाषणांची तयारी सुरू होते. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, हुतात्मा गोविंदराव पानसरे ही नावं मुलांना पाठ असतात. या यादीत आणखी एक नाव असायला हवं, ते म्हणजे शोएबुल्ला खान. हा माणूस मराठवाड्यातला नव्हता, मराठीत लिहीतही नव्हता. तरीही त्याची गोष्ट आपल्या मुलांना का सांगायची, ते शेवटपर्यंत वाचलंत तर तुमच्या लक्षात येईल.

तेव्हाची परिस्थिती

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता (स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला). संस्थानात १६ जिल्हे होते. त्यात तेलुगू ८, मराठी ५ आणि कन्नड ३. जाहीर सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. त्या फर्मानाला गश्ती निशाण ५३ म्हणत. वर्तमानपत्रांवर तर करडी नजर होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं, तेही संस्थानाबाहेर, पुण्यातून. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा त्यांनी नावं बदलून बदलून अंक काढले. म्हणजे बघा, सत्तेला बंदुकीइतकीच छापील कागदाचीही धास्ती होती.

बालपण आणि शिक्षण

शोएबुल्ला यांचा जन्म १९२० मध्ये आजच्या तेलंगणातल्या महबूबाबाद भागात झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीला होते. शोएबुल्लांनी उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतली. शिकलेल्या मुस्लिम तरुणाला त्या काळी निजामाच्या दरबारी नोकरीची वाट मोकळी होती. पगार, मान, सगळं मिळालं असतं. पण त्यांनी पत्रकारिता निवडली. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता.

रय्यत ते इमरोज

मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू वृत्तपत्रात ते काम करू लागले. रय्यत म्हणजे प्रजा. नावाप्रमाणेच हे पत्र प्रजेची बाजू मांडत होतं. साहजिकच सरकारने ते बंद पाडलं.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. शोएबुल्लांनी घरातले दागिने विकून स्वतःचं दैनिक काढलं. १५ नोव्हेंबर १९४७ ला 'इमरोज'चा पहिला अंक निघाला. इमरोज म्हणजे आज. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण हैदराबाद अजून भारतात आलं नव्हतं. संस्थानाने भारतात सामील व्हावं, लोकांचं जबाबदार सरकार यावं आणि रझाकारांचे अत्याचार थांबावेत, ही भूमिका ते रोज उघडपणे मांडू लागले.

रझाकारांचा नेता कासीम रझवी हा मूळ लातूरला वकिली करणारा. म्हणजे ज्याच्या विरोधात इमरोज उभं होतं, ती सत्ता आपल्याच गावातून वर गेलेली होती. हा धागा लातूरच्या मुलांना जरूर सांगा.

शेवटचे दिवस

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम मान्यवरांनी एक निवेदन काढलं. हैदराबादने भारतात सामील व्हावं आणि रझाकार संघटना मोडावी, असं त्यात म्हटलं होतं. रझाकारांच्या अत्याचारांमुळे सरकारी नोकरी सोडलेले फरीद मिर्झा हे त्या सातांपैकी एक. शोएबुल्लांनी ते निवेदन इमरोजमध्ये छापलं. धमक्या तर आधीपासूनच येत होत्या. त्यातच रझवीने १९ ऑगस्टला जाहीर सभेत विरोधकांचे हात तोडण्याची भाषा केली.

२१ ऑगस्टच्या रात्री अंकाचं काम संपवून शोएबुल्ला मेहुणे इस्माईल खान यांच्यासोबत घरी निघाले. वाटेत मारेकऱ्यांनी गाठून गोळ्या झाडल्या आणि ज्या हाताने ते लिहीत, तो हातच तोडला. मेहुणेही जबर जखमी झाले. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्लांचा मृत्यू झाला. वय अवघं २७ वर्षं.

त्यानंतर २२ दिवसांनी, १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. ज्या दिवसासाठी शोएबुल्ला लिहीत होते, तो त्यांच्या मृत्यूनंतर २६ दिवसांनी उजाडला. रझवी पकडला गेला. बीबीनगर दरोड्याच्या खटल्यातली शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

ही गोष्ट वर्गात का सांगायची?

रझाकारांचा धडा शिकवताना एखादं मूल हमखास विचारतं, की मग सगळे मुसलमान रझाकार होते का? त्याच वर्गात शेजारच्या बाकावर एखादा मुस्लिम मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. त्या वेळी नुसतं नाही म्हणून भागत नाही, मुलांना उदाहरण लागतं. शोएबुल्ला खान हे ते उदाहरण आहे. राजा त्यांच्याच धर्माचा होता, राज्यकारभाराची भाषा त्यांचीच उर्दू होती. तरी ते प्रजेच्या बाजूने उभे राहिले. मुक्तिसंग्राम हा दोन धर्मांचा नव्हे, तर जुलमी सत्ता आणि प्रजा यांच्यातला लढा होता, हे त्यांच्या आयुष्यावरून पाचवीतल्या पोरालाही कळतं.

आणि पत्रकाराचं काम काय, हेही कळतं. राज्यकर्त्याला बरं वाटेल ते लिहिणं सोपं असतं. जे चुकतंय ते स्वतःच्या नावाने छापायला धाडस लागतं.

उपक्रम

१) हैदराबाद संस्थानाच्या नकाशात आपला जिल्हा शोधून रंगवणे.
२) वर्गाची भित्तिपत्रिका काढणे. शाळेतली किंवा गावातली एक खरी अडचण (पाणी, रस्ता, स्वच्छतागृह) मुलांनी स्वतः पाहून लिहावी आणि खाली आपलं नाव घालावं.
३) पालकांनी घरातल्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या रझाकारांच्या काळातल्या आठवणी मुलांना सांगाव्यात. कोणी कोणाला लपवलं, कोणी कोणाला वाचवलं, हेही आवर्जून सांगावं.

यंदाच्या १७ सप्टेंबरला तुमच्या शाळेतल्या एका तरी मुलाचं भाषण शोएबुल्ला खान यांच्यावर असू द्या.