खापरवाला वक्ता

सेमिनारचं नाव काढलं की आपले पाय लटपटतात. व्हायव्हात उत्तर येत असतं, पण सरांना काही पटत नाही! सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने यावर ग्रंथच लिहिला. पटवून द्यायचं तर तीन गोष्टी लागतात : बोलणाऱ्यावर विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालणं आणि बिनतोड युक्तिवाद. हे तिन्ही ज्यांच्याकडे होतं ते आपले गाडगेबाबा मात्र शाळेची पायरीही चढले नव्हते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परटाचं घर. वडील दारूपायी लवकर गेले. मामाकडे गुरं राखली, शेती केली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत हा रिवाज. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झाले, पण हे काही मागे हटले नाहीत. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, सोबत मातीचं गाडगं आणि हातात खराटा.

पिशोरला सप्ताहातलं कीर्तन ऐकत मी वाढलो. महाराजांनी बोलायचं, आपण माना डोलवायच्या. बाबांचं उलटंच. ते प्रश्न विचारायचे. दगडाच्या देवापुढचा नैवेद्य कुत्रं खातं, त्याला हाकलतं कोण? देव की तुम्ही? लोक हसत हसत उत्तर द्यायचे आणि आपल्याच उत्तरात अडकायचे. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात हेच करायचा. मग विषय यायचा कर्ज काढून केलेल्या सणाचा, दारूचा, शाळेत न घातलेल्या पोराचा. भाषा अस्सल वऱ्हाडी. हसणारी माणसं तिथे गप्प व्हायची.

पण मला वाटतं, खरं काम दिवसाच झालेलं असायचं. गावात आल्यावर बाबा आधी रस्ते झाडत. रात्री कीर्तनाला उभा राहिलेला माणूस सकाळचाच झाडूवाला आहे, हे कळल्यावर वाद कोण घालणार? पाया पडू देत नसत, शिष्यही केला नाही. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलत्या एक मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही. हे वाचताना मी पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं होतं.

लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र झोपडीत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ ते गेले. वांद्र्याच्या त्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग झालं होतं. ते आजही ऐकायला मिळतं.