एडा लव्हलेस : न बनलेल्या यंत्राचं भविष्य ओळखणारी

सध्या घराघरात एआयची चर्चा आहे. कुणी म्हणतं, हे यंत्र सगळ्यांची रोजीरोटी खाणार. कुणी म्हणतं, चार दिवसांचा तमाशा आहे, जाऊ द्या. आम्हा शिक्षकांनाही मुलं विचारतात, यातलं खरं काय? अशा वेळी आम्हाला एडा लव्हलेस या इंग्रज बाईची आठवण होते. यंत्राबद्दल माणसाचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो, हे तिने १८४३ सालीच लिहून ठेवलं होतं.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील म्हणजे मशहूर कवी लॉर्ड बायरन. ती महिनाभराची असताना आई तिला घेऊन वेगळी झाली. पुढे बाप-लेकीची भेट कधीच झाली नाही. बापाचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला गणिताची पक्की तालीम दिली. तेराव्या वर्षी गोवर आला आणि पायांतली ताकद गेली. बराच काळ ती अंथरुणाला खिळली, पुढे कुबड्यांवर चालू लागली, पण अभ्यास सुटला नाही.

१८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिची गाठ चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी पडली. आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा एक छोटा भाग तो पाहुण्यांना दाखवायचा. बाकीचे लोक ते खेळण्यासारखं बघून जायचे. एडा मात्र ते चालतं कसं, हे समजून घ्यायला बसली.

बॅबेजने पुढे आणखी मोठ्या यंत्राचा आराखडा केला. भोकं पाडलेल्या कार्डांवरून त्याला हुकूम द्यायचा होता. ही युक्ती फ्रान्सच्या जॅकार्ड मागाची. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना माग काही नवा नाही. कापडावर नक्षी कशी उमटावी, हे जॅकार्ड मागात कार्डं ठरवतात. पण पहिल्याच यंत्रावर सतरा हजार पौंडांहून जास्त रक्कम घालून ते अपुरं राहिलेलं पाहून इंग्रज सरकारने १८४२ मध्ये हात आखडता घेतला. नवं यंत्र कागदावरच राहिलं.

त्याच यंत्रावर इटलीच्या मेनाब्रेआ यांनी फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडाने त्याचा इंग्रजी तर्जुमा केला आणि सोबत मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपा जोडल्या. खाली नाव नाही, फक्त आद्याक्षरं. एक अवघड गणित यंत्राकडून पायरी-पायरीने कसं करून घ्यायचं, याचा तक्ता त्यात आहे. त्याला पुष्कळ जण जगातला पहिला कॉम्प्युटर प्रोग्राम मानतात. त्यात बॅबेजचा वाटा किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण हे यंत्र आकड्यांपुरतं नाही, नियमात बसवता आलं तर संगीतही रचू शकेल, ही नजर एडाचीच होती.

मात्र ती हवेत गेली नाही. यंत्र स्वतःहून काही निर्माण करत नाही, आपण सांगू तेवढंच करतं, असं तिचं मत होतं. नवी गोष्ट आली की लोक आधी तिला डोक्यावर घेतात आणि मग निराश होऊन आहे त्याहूनही कमी लेखतात, असा इशाराही तिने दिला. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगने यंत्राच्या विचारशक्तीवर लिहिताना तिच्या मताला उत्तर दिलं. ती बहस आजही संपलेली नाही.

तिच्याबद्दलचे अंदाजही चुकलेच. तिचे शिक्षक ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म आपल्याकडच्या मदुराईचा. त्यांना तिची हुशारी पुरेपूर कळली होती. तरी एवढं जड गणित बाईच्या शरीराला झेपणार नाही, अशी काळजी त्यांनी तिच्या आईला कळवली. एडाही काही चुकीच्या पलीकडची नव्हती; घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावून ती कर्जात बुडाली. तीन मुलांची ही आई कॅन्सरने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी वारली. खरे कॉम्प्युटर आल्यावर, १९५३ मध्ये तिच्या टिपा पुन्हा छापल्या गेल्या आणि जग दचकलं.

आम्हाला वाटतं, एआयला घाबरू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. एडासारखं बसून ते चालतं कसं, हे समजून घ्यावं. आणि दहावीनंतर घरातली मुलगी गणित घ्यायचं म्हणाली, तर तिला झेपेल का, हा सवाल डी मॉर्गनसाहेबांवर सोडून द्यावा.