संत योसेफ वाझ : शांती घेऊन लंकेला गेलेले धर्मगुरू



मिस्सामध्ये शांती देताना आपण शेजाऱ्याकडे वळतो, हात जोडतो आणि पुन्हा वेदीकडे पाहतो. अर्ध्या मिनिटाचे काम. ही शांती चर्चच्या दाराबाहेर कुठवर नेता येते, हे पाहायचे असेल तर गोव्याच्या एका धर्मगुरूचे चरित्र वाचावे.

योसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आईच्या गावी झाला. घराणे सांकवाळचे. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंना संन्यस्त संघांत सहसा घेत नसत. मानाच्या जागा पोर्तुगीजांकडे असत. याची तक्रार करीत बसण्याऐवजी हा तरुण फादर गरिबांसारखा अनवाणी चालू लागला. १६७७ साली त्यांनी आपण पवित्र मरीयेचे दास आहोत असे रीतसर लिहून दिले. पुढे तीन वर्षे कानडा प्रांतात सेवा झाली. १६८५ मध्ये जुन्या गोव्यात काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगू लागले होते. फादर वाझ त्यांच्यात गेले आणि त्यांनाच प्रमुख नेमण्यात आले. हाच गोव्याचा ओरेटरी संघ.

पण त्यांचे मन लंकेकडे ओढ घेत होते. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून जाफना घेतले होते. डच प्रॉटेस्टंट होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले आणि त्यांना आश्रय देणाऱ्यांना कडक शिक्षा ठरवल्या. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या भाविकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना मरताना तैलाभ्यंग.

१६८७ मध्ये फादर वाझ तुतिकोरीनहून गलबताने निघाले. अंगावर मजुराचे कपडे, सोबत जॉन नावाचा सेवक. जाफन्याला पोचेपर्यंत हगवणीने त्यांचे अंगातले त्राण गेले होते. लोक साथीच्या भीतीने जवळ येईनात. अशा अवस्थेत एका गरीब बाईने त्यांना पेज आणून दिली. पेज म्हणजे भाताची पातळ कांजी. आपल्याकडे अंबील द्यावी तशी. मला या चरित्रात हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘कृपा’ या शब्दाची आम्ही पुष्कळ चिरफाड केली : ती कमावता येत नाही, मागता येते, स्वीकारता येते, वगैरे. लंकेला देवाची कृपा द्यायला आलेला हा माणूस आधी ओंजळ पुढे करून पेज घेतो, यात ते सगळे धडे आले.

बरे वाटल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. भीक हे निमित्त. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, हे ते पाहत. अशा रीतीने एकेक कॅथलिक घर सापडत गेले. मग रात्री मिस्सा, आणि पहाटेपूर्वी मुक्काम हलवायचा. डचांना सुगावा लागला तेव्हा काही भाविकांना फटके आणि तुरुंग सोसावे लागले.

१६९२ मध्ये ते कँडीला गेले. कँडीचे राज्य सिंहली बौद्ध राजाचे होते. तिथे पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना कैद झाली. कैदेत ते सिंहली भाषा शिकले आणि आवारात गवताने शाकारलेल्या झोपडीत मिस्सा करू लागले. हळूहळू पहारा सैल झाला. परंपरा सांगते की एकदा पावसाने फार ओढ दिली तेव्हा राजाने त्यांनाही प्रार्थना करायला सांगितले. त्यांनी भर चौकात वेदी मांडून क्रूस उभा केला आणि पाऊस आला. मृग कोरडे गेले की शेतकऱ्याच्या घरात काय होते हे आपल्याला सांगायला नको. राजा विमलधर्मसूर्य दुसरा यांनी त्यांना राज्यात फिरण्याची मोकळीक दिली.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फादरांचा छळ ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तेने केला आणि आसरा बौद्ध राजाने दिला. डचांच्या मुलखातून पळालेल्या कॅथलिकांनाही कँडीत जागा मिळाली. आपल्या वाशीम जिल्ह्यात आपण मूठभर आहोत, आणि बौद्ध शेजारी गावोगावी आहेत. आपल्याकडच्या बोलण्यात ‘आपले’ आणि ‘ते’ हे शब्द जरा जास्तच येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. दरबार शहर सोडून गेला. घरच्यांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकले. फादर वाझ आणि नात्यातले फादर कार्व्हालो मात्र शहरात राहिले. ओस पडलेल्या घरांत त्यांनी रोग्यांना आणून ठेवले, त्यांना भरवले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना पुरले. त्यात कॅथलिक थोडेच होते. स्नानसंस्कार घेशील का, ही अट पेजेच्या वाडग्याला नव्हती. नंतर राजाची मर्जी आणखी वाढली, तरी त्यांनी तिच्या जोरावर कोणावर सूड उगवला नाही. मिस्सासाठी मोकळी वाट तेवढी मागितली.

१७०५ च्या सुमारास त्यांना लंकेतील ख्रिस्तसभेचे प्रमुखपद देऊ करण्यात आले. त्यांनी नम्रपणे नाही म्हटले. त्याच वर्षी गोव्याहून फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी पुढे सिंहली आणि तामिळ भाषांत इतके धार्मिक लेखन केले की तिथले भाविक आजही त्यांचे ऋण मानतात.

फादर वाझ पुन्हा कधी गोव्याला परतले नाहीत. लंकेत चोवीस वर्षे राबून १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. ते चर्च पुढे टिकले नाही, आणि त्यांच्या कबरीची नेमकी जागा आज कोणालाच दाखवता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात, समुद्रकाठच्या मैदानावर, संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीला येतो. संक्रांत आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आदल्या दिवशी होऊन गेलेली असते. शेजारच्या घरून आलेला तिळगूळ डब्यात अजून शिल्लक असतो.